सोड्याला सुटलेलं पाणी

कॉस्टिक सोडा उघडा ठेवला तर तो हवेतलं पाणी पितो. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, देवळ्याकडच्या गावात, आणि त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. सातपूरला एका प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं सोड्याच्या टाकीवर काढली. जे शिकलो ते तिथंच.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. शेजारचे मास्तर म्हणाले होते, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी नको म्हणालो. दुसरा माणूस लिहायला बसला की आपल्याला आहे त्यापेक्षा थोडं चांगलं करून लिहितो. मला ते नको आहे.

माझ्या बायकोचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. त्या सहा वर्षांत मला तिला एवढंच सांगायचं होतं, की चूक माझी होती. ते मी सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं.

आधी टाकीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वर्कशॉपमध्ये लोखंडाचे सुटे भाग यायचे, नट, बोल्ट, हँडल, सगळे तेला-ग्रीसने माखलेले. त्यांच्यावर निकेल चढवायच्या आधी ते तेल काढावं लागतं. त्यासाठी गरम पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवलेली टाकी असते. माल त्यात बुडवायचा, वर काढायचा, धुवायचा. ती टाकी माझी. टाकी कमजोर झाली की माल चिकट निघायचा, मग मी त्यात सोडा वाढवायचो. किती वाढवायचा ते मी मगाने मोजायचो. शिकलेले सुपरवायझर तराजू घेऊन यायचे आणि शेवटी मलाच विचारायचे, "किती घालायचा, बोला." त्याचा मला माज होता. होता म्हणजे होता.

सोडा पोत्यातून यायचा, पांढरे पातळ तुकडे, माशाच्या खवल्यांसारखे. पहिल्या दिवशी जुन्या मिस्त्रींनी मला एकच धडा दिला. पत्र्याच्या डब्यात दोन मुठी सोडा टाकला, मला लांब उभं केलं आणि त्यावर लांबूनच मगभर पाणी फेकलं. डबा फुसफुसला, आतलं पाणी उकळून वर उडालं, वाफेने नाक जळलं. मिस्त्रींच्या मानेवर पांढरा चट्टा होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "सोडा पाण्यात घालायचा. पाणी सोड्यात कधीच नाय. हे विसरला की संपला."

मी विसरलो नाही. ते विसरलो असतो तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहून शिकलो. पोत्याचं तोंड उघडं राहिलं की सोडा ओलसर होतो, खवले एकमेकांना चिकटतात, मग ढेकूळ होतं. आणि एखादा खवला जमिनीवर सांडून राहिला तर सकाळी तिथं खवला नसतो, पाण्याचा थेंब असतो. दिसायला नळाच्या पाण्यासारखा. पावसाळ्यात तर तासा-दोन तासांत. आम्ही त्याला सोडा पाझरला असं म्हणायचो. नवीन पोरगा आला की त्याला मी तो थेंब दाखवायचो आणि विचारायचो, हे काय? पाणी, म्हणायचा. मग मी हसायचो.

वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मी छपन्न वर्षांचा होतो. कुणाच्या दारात काम मागायला जाणं माझ्या स्वभावात नाही. बायको म्हणाली, तुम्हाला सोडा कळतो, मला चूल कळते, आपण साबण करू. फरसाणवाल्यांकडचं तळून काळं झालेलं तेल आणायचं, गाळायचं, त्यात सोड्याचं पाणी घालून घोटायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतायचं. दोन दिवसांनी वड्या कापायच्या. कपडे धुवायचा साबण. घराच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथं आम्ही तो करायचो. सोडा पाण्यात मी घालायचो, बाकी सगळं ती. वडी तयार झाली का हे ती जिभेचं टोक लावून बघायची. जिभेला चटका बसला तर अजून ठेवायची. एकदा मी जीभ लावली आणि झाली तयार म्हणालो, तर म्हणाली, "तुमची जीभ टाकीत गेली कधीच. तुम्हाला मिरची खाल्ली तरी कळत नाय." खरंच होतं. कॉलनीतल्या बायका तिच्याकडून साबण न्यायच्या आणि तिला साबणवाल्या काकू म्हणायच्या. मला कुणी साबणवाले काका म्हटलं नाही. तेही ठीकच होतं.

आम्हाला एकच मुलगी. ती रसायनशास्त्र घेऊन पदवीपर्यंत शिकली आणि एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. एका रविवारी तिने बशीत सोड्याचा एक खवला ठेवला आणि म्हणाली, आप्पा, बघत राहा. दुपारपर्यंत त्याचा थेंब झाला. मी म्हणालो, यात काय, हे मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय. ती म्हणाली, थांबा, अजून संपलं नाही. बशी तिने खिडकीत ठेवली. पंधरा-वीस दिवसांनी त्या थेंबाची पांढरी खरखरीत पापडी झालेली. ती म्हणाली, "आधी तो हवेतलं पाणी पितो. मग आपण जो श्वास सोडतो ना, त्यातला वायू घेतो. आता हा कॉस्टिक राहिला नाही. धुण्याचा सोडा झाला. याच्यातला जाळ गेला." त्यावर लिंबू पिळून दाखवलं, तर फेस आला.

हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं मी टाकीच्या काठावर पांढरी पापडी खरवडत होतो आणि ती काय आहे हे मला माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, "आम्हाला ठाऊक आहे गं. आम्ही फी न भरता शिकलोय." ती हसली. तिची आई पण हसली.

त्याच आठवड्यात मुलगी घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन आली. आमच्या सोड्याच्या पिंपाचं झाकण तुटलं होतं, मी वर गोणपाट टाकायचो. म्हणाली, याच्यात ठेवा, पाझरणार नाही आणि सांडणार पण नाही. मी तो डबा माळ्यावर टाकला. आपल्याच घरात पोरीने आपल्याला सोडा कसा ठेवायचा हे सांगावं, हे मला सोसलं नाही. दुसरं कारण काही नव्हतं.

श्रावणातली गोष्ट. भिंती घाम आल्यासारख्या ओल्या असायच्या. संध्याकाळी मी पिंपातून मगाने सोडा काढला. शेडमध्ये अंधार होता म्हणून भरलेला मग घेऊन दारापाशी उजेडात आलो, किती आला ते बघायला. चार-सहा खवले खाली पडले. पडलेले मी पाहिले. झाडू शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. सकाळी झाडतो असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

सकाळी मी अंगणात दात घासत होतो. बायको शेडमध्ये गेली. दारापाशी तिला पाणी दिसलं. पिंपापाशी दिसलं असतं तर ती सावध झाली असती, सोड्याचं तिला सगळं माहीत होतं. पण दारावरचा पत्रा त्या पावसाळ्यात गळत होता, तो नीट करा म्हणून ती महिनाभर माझ्या मागे लागलेली. तिला वाटलं पत्राच गळला. तिने फडकं घेतलं, पुसलं, पिळलं. हात बुळबुळीत लागला तर वाटलं तेलाच्या ट्रेचं असेल. तोंडावर आलेली बट तिने त्याच हाताने मागे सारली आणि डोळा चोळला.

तिचं माहेर सटाण्याकडचं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, माहेरची बोली तिच्या तोंडात राहिली नव्हती. त्या सकाळी ती ओरडत आली ती त्या बोलीत. "मना डोया. मना डोया." माझा डोळा, माझा डोळा. आणि मग, "सोडा गेला हो, सोडा."

अंगणातच नळ. ती नळाकडे निघाली. तीन पावलं होती.

मी तिचं मनगट धरलं.

माझ्या डोळ्यासमोर तो डबा आला, मिस्त्रींनी पाणी फेकलेला. सोडा डोळ्यात आहे, आता वर पाणी पडलं तर उकळेल, डोळा आतल्या आत शिजेल, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "पाणी नको. पाणी लावू नको. आधी तूप लावू." ती हात सोडवायला बघत होती. माझी पकड टाकीवाल्याची, ओला माल चिमट्यात धरून उचलणाऱ्याची. मी तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं, तुपाची वाटी शोधली. वाटी जागेवर नव्हती. डबे उघडत बसलो. एका हातात तिचं मनगट तसंच.

मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती धावत खाली आली आणि तिला काय झालं ते कळलं. "आप्पा, सोडा तिला. पाणी मारा डोळ्यावर, पाणी." मी म्हणालो, तुला काय कळतंय, सोड्यावर पाणी घालत नाहीत. तिने मला छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. पोटच्या पोरीने. मी फळीवर आदळलो आणि हात सुटला. तिने आईला नळाखाली बसवलं, डोक्याला धरून पापणी बोटांनी उघडी ठेवली आणि पाणी सोडलं. मी तुपाची वाटी शोधून हातात घेऊन दारात उभा होतो.

पाणी उकळलं नाही. वाफ नाही, काही नाही. नुसतं पाणी डोळ्यातून गालावर, गालावरून पदरावर वाहत होतं.

डोळ्याला पाणी लागेपर्यंत किती वेळ गेला यावर मुलीचा आणि माझा कधी मेळ बसला नाही. मी म्हणतो चार मिनिटं. ती म्हणते दहा.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला. पाण्याने किती वेळात धुतला? मी म्हणालो, लगेच. मुलीने माझ्याकडे पाहिलं. बायकोच्या डोळ्यावर पट्टी होती, दुसरा डोळा तिने मिटून घेतला होता. डॉक्टरांनी विचारलं, काकू, लगेच ना? ती म्हणाली, "हे म्हणतात ते बरोबर." डॉक्टरांनी तसंच कागदावर लिहिलं. जाताना ते आम्हाला समजावून म्हणाले की सोडा कसाही असो, कच्चा, पातळ, डोळ्यात गेला तर पाणीच, आणि लगेच, दुसरं काही शोधायला जायचं नाही. मी मान हलवली, जसं काही मला ते ठाऊकच होतं.

पट्टी निघाली तेव्हा बुबुळ पांढरं झालं होतं, काचेला ताक लागल्यासारखं. उजेड-अंधार कळायचा, बाकी नाही. नवं बुबुळ बसवायचीही गोष्ट निघाली, पण आतून खूप भाजलंय, धरणार नाही, असं सांगितलं.

विचारायला येणाऱ्यांना मी काय सांगायचो तेही लिहितो. मी सांगायचो, हिनेच न बघता फडकं मारलं. इतकी वर्षं सोड्यात राहून अक्कल नाही. ती आत असायची, तिला ऐकू जायचं. एकदाही बाहेर येऊन म्हणाली नाही की खवले कुणी सांडले. मुलगी ते ऐकायची आणि उठून जायची. वर्षभरात तिचं लग्न झालं, नाशिक रोडला गेली. आईला रोज फोन करायची. फोन मी उचलला तर म्हणायची, आईला द्या.

साबण बंद केला. पिंप तसंच शेडमध्ये पडून होतं. एकदा बायको मुलीकडे गेली असताना मी पिंपातली वरची पापडी फोडून खालचा एक खवला काढून बशीत ठेवला. संध्याकाळी त्याचा थेंब झाला. त्या थेंबावर मी चमच्याने पाणी घातलं. काही झालं नाही. बशीला खालून बोट लावून पाहिलं, जराशी कोमट. त्याने दिवसभर हवेतलं पाणी पिऊन घेतलेलं, त्याची तहान आधीच भागलेली. आता वरून पाणी घातलं तर तो उकळणार कशाला? हे मला माहीत असायला हवं होतं. पाझरलेला सोडा दाखवून नव्या पोरांची मजा करणारा मी. तिच्या डोळ्यात खवला नव्हता, थेंब होता, आणि थेंबाला नळ पुरेसा होता. मी बशी तीनदा धुतली आणि तिच्या आधीच्या जागेवर ठेवली.

म्हणजे त्या दिवसापासून मला पक्कं कळलं होतं. नंतर जे मी बोललो ते न कळून बोललो असं मला म्हणता येणार नाही.

बायको एका डोळ्याने सगळं करायला शिकली. लांब-जवळचा अंदाज मात्र जायचा. मला वाढताना भाजीचा डाव ताटाच्या बाहेर यायचा. मग मी न बोलता ताट डावाखाली सरकवायचो. मला वाटायचं तिला ते कळत नाही. काही महिन्यांनी एकदा ती म्हणाली, "ताट नका हलवत जाऊ. तुम्ही हलवता म्हणून मला अंदाज येत नाय." मी हलवणं बंद केलं. दोन-तीन दिवस भाजी सांडली, मग नीट पडायला लागली.

तिने मला विचारलं ते एकदाच. डोळा गेल्याला दोन वर्षं झाली असतील. दुपारी ती मेथी निवडत होती, मी पेपर बघत होतो. मान खालीच होती तिची. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही माझा हात का धरला हो?"

आवाजात राग नव्हता. मला तर आता वाटतं, ती मला वाट करून देत होती. मी फक्त चुकलो म्हणायचं, ती म्हणाली असती जाऊ द्या, आणि मेथी निवडून झाली असती. बशीतला थेंब मी पाहिलेला होता. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. तरी मी म्हणालो, "सोड्यावर पाणी घालत नाहीत. उकळलं असतं. एकतीस वर्षं काम केलंय मी."

ती म्हणाली, "बरं."

पुन्हा कधी विचारलं नाही. पुढची चार वर्षं मी रोज ठरवायचो. आज सांगू, संध्याकाळी सांगू, सणाचा दिवस जाऊ दे मग सांगू. तिच्या समोर बसलो की आत काहीतरी ताठ उभं राहायचं. त्याला मी स्वाभिमान म्हणत होतो. त्याला दुसरं काय नाव आहे ते मला माहीत नाही, मी चौथी शिकलेला माणूस आहे.

गेल्या वर्षी तिला ताप आला, न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होती. शेवटचे दोन दिवस नळी घातलेली, बोलणं बंद. मी कानाशी जाऊन बसायचो. नर्स म्हणाली, बोला आजोबा, त्यांना ऐकू येतं. मी म्हणालो, पाणी पाहिजे का गं. एवढंच आलं तोंडात. तिला पाणी देता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

तेरावं झालं, मुलगी नाशिक रोडला परत गेली. त्यानंतर आठवड्याने मी सातपूरहून बसने तिच्या घरी गेलो. न कळवता. जावई कामावर होते. तिने दार उघडलं, पाणी दिलं, काय झालं विचारलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खवले मी सांडले, सांडलेले पाहिले, झाडले नाहीत. हात मी धरला. डॉक्टरांना खोटं मी सांगितलं. बशीचं सांगितलं. मेथीच्या दुपारचं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो, आणि बोलताना मला वाटत होतं की छातीवरचा दगड हलतो आहे.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगता, आप्पा? मी तिथंच होते."

मी म्हणालो, "मग कुणाला सांगू?"

तिने उघडं राहिलेलं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तिला माहीत होतं. तिला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मला म्हणायची, बाप तुझा सांगेल एक दिवस, तू मधे पडू नको. मी दर फोनला विचारायचे, आप्पा बोलले का? ती म्हणायची, अजून नाय."

दर फोनला. म्हणजे रोज.

मी खाली बसलो. मुलीने माझ्या हातातला पेला घेतला. जेवून जा म्हणाली. मी नको म्हटलं नाही. तिने पोळ्या केल्या, मला वाढलं, आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली. भाजी कशाची होती ते मला आठवत नाही. मी ताटातलं सगळं संपवलं, ताट उचलून मोरीत नेलं आणि धुऊन पालथं घातलं. घरी हे मी कधी केलं नव्हतं. बाहेर पडताना ती म्हणाली, पोचलात की फोन करा. मी केला. तिने उचलला, पण दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही. तरी लगेच ठेवला नाही कुणी.